डिकन्सने जगाला नाताळ शिकवला, तेव्हा घरात कॅथरीनचे दिवस भरत आले होते

नाताळ म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. बाहेर बर्फ, आत पेटलेली शेकोटी, टेबलावर टर्की आणि पुडिंग, भोवती गोळा झालेलं अख्खं कुटुंब आणि मधोमध खिदळणारी पोरं.

हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसवण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. तो म्हणजे इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. १८४३ साली आलेलं त्याचं 'अ ख्रिसमस कॅरोल' हे छोटंसं पुस्तक आजही दर डिसेंबरमध्ये वाचलं जातं. त्यावर नाटकं होतात, सिनेमे निघतात. त्यातला कंजूष स्क्रूज तर इंग्रजीत कवडीचुंबक माणसाचं दुसरं नावच होऊन बसला.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे. डिकन्सच्या आयुष्यातले तीन महत्त्वाचे नाताळ असे होते की तो सणावर लिहीत होता आणि त्याची बायको कॅथरीन नववा महिना घेऊन घरात वावरत होती. बाळ आज येईल की उद्या, अशी अवस्था.

त्या तीन नाताळांची ही गोष्ट.

बूटपॉलिशच्या डब्यांपासून सुरुवात

चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होते. माणूस दिलदार, पण हात सैल. उधारी वाढत गेली आणि १८२४ साली कर्ज फेडता न आल्यामुळे त्यांची रवानगी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात झाली.

तेव्हा चार्ल्स जेमतेम १२ वर्षांचा होता. थेम्स नदीकाठच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात त्याला कामाला लावलं गेलं. पॉलिशच्या डब्यांना कागद बांधायचे आणि लेबलं चिकटवायची. आठवड्याला मिळायचे सहा-सात शिलिंग.

हे दिवस तो कधीच विसरला नाही. भरलेलं घर, पोटभर जेवण आणि एकत्र बसलेलं कुटुंब याचं त्याला आयुष्यभर जे वेड होतं, त्याचं मूळ इथे आहे. जे लहानपणी हातातून निसटलं, तेच तो पुढे पुस्तकात आणि घरात पुन्हा पुन्हा उभं करत राहिला.

पुढे तो लघुलेखन शिकला, पार्लमेंटचा बातमीदार झाला आणि 'बॉझ' या टोपणनावाने लिहू लागला. 'इव्हनिंग क्रॉनिकल' या वर्तमानपत्राचे संपादक होते जॉर्ज होगार्थ. त्यांची थोरली मुलगी कॅथरीन. मूळची एडिंबराची, १८१५ ची. २ एप्रिल १८३६ रोजी लंडनच्या चेल्सी भागातल्या सेंट ल्यूक चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं.

पहिला नाताळ : १८३६

नवरा २४ वर्षांचा, बायको २१ ची. संसार होता होबर्नमधल्या फर्निव्हल्स इन या इमारतीतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये. कॅथरीनची धाकटी बहीण मेरी सतत येऊन-जाऊन असायची.

त्या वर्षी डिकन्सचं नशीब फळफळलं होतं. दर महिन्याला एक भाग अशी 'पिकविक पेपर्स' ही कथामाला सुरू होती. सुरुवातीला खप अगदीच किरकोळ होता, पण सॅम वेलर नावाचं पात्र आलं आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघू लागले. शेवटी शेवटी हा आकडा ४० हजारांपर्यंत गेला. नोव्हेंबरमध्ये डिकन्सने वर्तमानपत्राची नोकरी सोडली. आता सगळी भिस्त लेखणीवर होती.

डिसेंबरअखेरचा अंक लिहायचा होता आणि त्यात त्याने नाताळच घेतला. खेड्यातलं मोठं घर, नाच, मोठ्यांच्या गप्पा. त्याच अंकात एक छोटी गोष्टही होती. नाताळच्या आदल्या रात्री कबर खोदत बसलेला एक खडूस म्हातारा आणि त्याला धडा शिकवणारी भुतं. सात वर्षांनी येणाऱ्या स्क्रूजचा हा थोरला भाऊच म्हणायचा.

हे लिहिलं जात असताना कॅथरीनचे पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते.

नाताळ गेला, नवं वर्ष लागलं आणि ६ जानेवारी १८३७ उजाडला. ख्रिस्ती परंपरेत नाताळचा सण या दिवसापर्यंत चालतो. त्याला ट्वेल्थ नाइट म्हणतात. मोठा केक कापायचा आणि मग सणाची सांगता. त्याच दिवशी पहिला मुलगा जन्मला. नाव ठेवलं चार्ल्स, घरात सगळे चार्ली म्हणायचे.

त्या दिवसाची एक आठवण डिकन्सने वर्षभराने डायरीत लिहून ठेवली. कॅथरीनच्या खोलीत एक छोटं टेबल हवं होतं. ते शोधायला तो आणि मेरी तासन् तास होबर्नच्या रस्त्यांवर फिरले. शेवटी टेबल घेतलं ते अगदी पहिल्या दुकानातलं. त्या दुकानावरून ते पाच-सहा वेळा गेले होते, पण किंमत विचारायचा त्याला संकोच वाटत होता. बाळंतपणासाठी दोन्हीकडच्या आया आल्यामुळे घरात मेरीला झोपायला जागा नव्हती. रात्री तिला तिच्या घरी पोचवायला तोच गेला.

तिकडे कॅथरीनला मात्र बाळंतपण जड गेलं. बाळाला अंगावर पाजता येईना आणि त्याच्याकडे पाहिलं की तिला रडू यायचं, असं मेरीने त्या महिन्यातल्या एका पत्रात लिहिलं आहे. बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याबद्दल आज आपण बोलतो. तेव्हा त्याला हे नाव नव्हतं.

मे महिन्यात मेरी अचानक गेली. वय अवघं १७. त्या धक्क्यात कॅथरीनचा गर्भपात झाला.

दुसरा नाताळ : १८४३

सात वर्षं गेली. डिकन्स आता देशातला सगळ्यात लोकप्रिय लेखक होता. रीजंट्स पार्कजवळ डेव्हनशायर टेरेसमध्ये मोठं घर, नोकरचाकर आणि चार मुलं : चार्ली, मॅमी, केटी आणि वॉल्टर. कॅथरीनची आणखी एक बहीण जॉर्जिना आता घरीच राहायला आली होती.

बाहेरून सगळं झकास दिसत होतं, पण आत पैशाची ओढाताण होती. 'मार्टिन चझलविट' ही नवी कादंबरी अपेक्षेइतकी खपत नव्हती. करारातल्या अटीवर बोट ठेवून दरमहा ५० पौंड कापायची भाषा प्रकाशक करू लागले होते. वडिलांची उधारी सुरूच होती. आणि कॅथरीनला पाचव्या मुलाचे दिवस गेले होते.

त्याच सप्टेंबरमध्ये डिकन्सने लंडनच्या गरीब वस्तीतली एक शाळा पाहिली. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठीच्या या शाळांना 'रॅग्ड स्कूल' म्हणत. तिथल्या पोरांची अवस्था पाहून तो हादरला. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचे सरकारी अहवालही तेव्हा गाजत होते. त्याला आपला बूटपॉलिशचा कारखाना आठवला नसता तरच नवल.

आधी त्याने एखादी पुस्तिका काढायचं ठरवलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की पुस्तिकेपेक्षा गोष्ट खोलवर पोचते.

ऑक्टोबरमध्ये तो लिहायला बसला. साधारण सहा आठवड्यांत 'अ ख्रिसमस कॅरोल' तयार झालं. लिहिताना तो हसायचा, रडायचा आणि रात्री लंडन झोपल्यावर १५-२० मैल चालायचा. गोष्ट साधी होती. पैशापलीकडे काही न दिसणारा स्क्रूज नाताळच्या आदल्या रात्री तीन भुतांना भेटतो आणि सकाळी माणसात येतो. त्याच्या कारकुनाचा अपंग मुलगा टायनी टिम हा गोष्टीचा जीव होता.

पुस्तक देखणंच व्हायला हवं, असा डिकन्सचा हट्ट होता. जॉन लीचची चित्रं घेतली, त्यातली चार हाताने रंगवलेली. सोनेरी कडा, लालसर कापडी बांधणी आणि किंमत फक्त पाच शिलिंग. १९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक बाजारात आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या.

हजार पौंड मिळतील असा त्याचा अंदाज होता. पहिल्या ६,००० प्रतींवर हातात पडले सुमारे २३०. छपाईचा खर्चच नफा खाऊन गेला होता.

पण सणात कमतरता नको! नाताळ आला की डिकन्स लहान मूल व्हायचा. नाताळच्या आदल्या दिवशी मुलांना होबर्नमधल्या खेळण्यांच्या दुकानात न्यायचं, ही घरची ठरलेली रीत होती. मुलांनी कितीही वेळ लावला तरी तो कंटाळायचा नाही. एकदा मुलींनी त्याला पोल्का नाच शिकवला, तर पावलं विसरतील या भीतीने मध्यरात्री उठून त्याने थंडगार खोलीत एकट्याने सराव केला होता.

जादूच्या प्रयोगांचा त्याला विशेष नाद. जादूगाराचं सगळं साहित्य त्याने विकत आणून ठेवलं होतं. २६ डिसेंबर १८४३ ला नट मॅक्रेडी यांच्या मुलीचा वाढदिवस होता. मॅक्रेडी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, म्हणून मेजवानीत रंग भरायचं काम डिकन्सने आणि त्याचा मित्र जॉन फॉर्स्टरने अंगावर घेतलं. डिकन्सने एका टोपीत कच्चं पीठ, कच्ची अंडी असं सगळं घातलं आणि त्याच टोपीतून वाफाळतं प्लम पुडिंग काढून दाखवलं. पाहुण्यांत जेन कार्लाइल होत्या. त्यांनी पत्रात या संध्याकाळचं भरभरून वर्णन केलं आहे.

मग ६ जानेवारी आला. नाताळाची सांगता आणि चार्लीचा वाढदिवस एकाच दिवशी, त्यामुळे डिकन्सच्या घरी हा दिवस दिवाळीसारखाच असायचा. या दिवसाचा मोठा केक त्या काळातल्या अतिशय श्रीमंत आणि दानशूर बाई अँजेला बर्डेट-कूट्स यांच्याकडून चार्लीसाठी यायचा.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १५ जानेवारी १८४४ ला कॅथरीनने पाचव्या मुलाला जन्म दिला. त्याचं नाव फ्रान्सिस जेफ्री.

डिकन्सची प्रतिक्रिया काय होती? बाळाकडे बघायला आपण तत्त्वतः नकार दिला आहे, अशा थाटाची थट्टा त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली. गंमतच होती. पण वाढत्या मुलांचं ओझं त्याला जाणवू लागलं होतं, हेही त्यातून दिसतं. त्याच वर्षी खर्च आवरण्यासाठी तो सगळं बिऱ्हाड घेऊन इटलीत जेनोआला राहायला गेला.

तिसरा नाताळ : १८४८

'कॅरोल'नंतर नाताळचं पुस्तक हा दरवर्षीचा रिवाज झाला. १८४७ चं एक वर्ष चुकलं. १९ डिसेंबर १८४८ ला शेवटचं पुस्तक आलं, 'द हॉन्टेड मॅन'. दुःखाच्या आठवणी पुसून टाकता आल्या तर माणूस सुखी होईल का, असा त्याचा विषय. गोष्टीचं उत्तर 'नाही' असं आहे. दुःख विसरलेला माणूस दुसऱ्याचं दुःखही ओळखू शकत नाही.

हा विषय आकाशातून पडलेला नव्हता. त्याच सप्टेंबरमध्ये डिकन्सची थोरली बहीण फॅनी क्षयाने गेली होती.

तो नाताळ इंग्लंडसाठीही वेगळा होता. विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं आणि ख्रिसमस ट्री घराघरांत जाऊ लागलं.

डिकन्सच्या घरात कॅथरीन पुन्हा एकदा नवव्या महिन्यात होती. हे आठवं मूल. मागची बाळंतपणं त्रासाची झाली होती आणि या वेळी ती मनातून घाबरली होती.

इथे मात्र डिकन्स तिच्या बाजूने उभा राहिला. एडिंबराचे डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू करून फार दिवस झाले नव्हते. लंडनमधले बरेच डॉक्टर बाळंतपणात ते वापरायला तयार नव्हते. वेणा हा देवाचाच नियम आहे, असं मानणारेही होते. डिकन्सने माहिती काढली, डॉक्टरांचा विरोध असूनही आपला हेका सोडला नाही आणि सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात क्लोरोफॉर्म देणाऱ्या जाणकाराला घरी बोलावलं.

१६ जानेवारी १८४९ ला हेन्रीचा जन्म झाला. प्रसूती अवघड होती, पण कॅथरीनला वेदना जाणवल्या नाहीत. राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८५३ साली.

मग हे घर मोडलं कसं?

१६ वर्षांत दहा मुलं. शिवाय गर्भपात वेगळे. नववी मुलगी डोरा तर आठ महिन्यांचीच होऊन गेली. एवढ्यातही कॅथरीन अमेरिका दौऱ्यावर नवऱ्यासोबत गेली, मोठमोठ्या मेजवान्या सांभाळल्या. १८५१ साली तिने जेवणाच्या बेतांचं एक पुस्तकही टोपणनावाने काढलं.

१८५७ मध्ये डिकन्सच्या आयुष्यात एलन टर्नन ही १८ वर्षांची नटी आली. तो ४५ चा होता. पुढच्याच वर्षी, मे १८५८ मध्ये, नवरा-बायको कायमचे वेगळे झाले. कॅथरीनला वर्षाला ६०० पौंड आणि वेगळं घर मिळालं. थोरला चार्ली तिच्याबरोबर गेला, बाकीची मुलं वडिलांकडे राहिली. सख्खी बहीण जॉर्जिनाही डिकन्सकडेच राहिली.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक होतं. डिकन्सने स्वतःच्या साप्ताहिकात जाहीर निवेदन छापलं. कॅथरीन आईपणात कमी पडली आणि तिचं मन ठिकाणावर नाही, असंही त्याने पसरवलं. तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा प्रयत्न त्याने केला होता, असं २०१९ मध्ये अभ्यासकांपुढे आलेल्या काही पत्रांवरून दिसतं.

कुटुंबाच्या उबेवर जगाला रडवणाऱ्या माणसाने आपल्या मुलांच्या आईला नाताळच्या टेबलावरून उठवलं होतं.

कोलकात्यातला दगड

या गोष्टीचा एक धागा भारतातही येतो. दुसरा मुलगा वॉल्टर १८५७ साली, १६ व्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन इथे आला. ऐन उठावाच्या वर्षी. पुढे तो कर्जात आणि आजारात सापडला. आजारपणाच्या रजेवर घरी निघालेला असताना ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात त्याचा मृत्यू झाला. वय २२. ही बातमी लंडनला पोचली तो दिवस होता ७ फेब्रुवारी, डिकन्सचा वाढदिवस.

'कॅरोल'च्या नाताळात जो पोटात होता, तो फ्रान्सिस त्याच वेळी बंगालच्या पोलीस दलात नोकरीसाठी निघाला होता. भारतात भाऊ भेटेल या आशेने तो आला, तर भाऊ जाऊन काही दिवस झालेले. वॉल्टरच्या कबरीचा दगड आज कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे.

फ्रान्सिस पुढे कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांत गेला आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वारला. क्लोरोफॉर्मच्या मदतीने जन्मलेला हेन्री मात्र नामांकित वकील झाला, 'सर' झाला. १९३३ च्या नाताळाला चार दिवस उरले असताना तो गेला.

शेवटची पेटी

डिकन्स शेवटपर्यंत 'कॅरोल' वाचून दाखवत राहिला. १८५३ च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅममध्ये त्याने पहिल्यांदा त्याचं जाहीर वाचन केलं. मार्च १८७० मधल्या अखेरच्या कार्यक्रमातही तेच वाचलं. ९ जून १८७० ला तो गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला जागा मिळाली.

कॅथरीन त्यानंतर नऊ वर्षं जगली. तिने नवऱ्याविरुद्ध जाहीरपणे कधी काही लिहिलं नाही. २२ नोव्हेंबर १८७९ ला ती गेली. हायगेट दफनभूमीत तान्ह्या डोराशेजारी तिला पुरलं.

जाण्याआधी तिने मुलगी केटीच्या हाती एक गठ्ठा दिला होता. त्यात डिकन्सने तिला लिहिलेली पत्रं होती, लग्नाआधीपासूनची. ही ब्रिटिश म्युझियमला दे, म्हणजे एके काळी त्यांचं माझ्यावर प्रेम होतं हे जगाला कळेल, अशी तिची इच्छा होती. केटीने ती पूर्ण केली.

दर डिसेंबरमध्ये स्क्रूज पुन्हा सुधारतो, टायनी टिम पुन्हा वाचतो. तो नाताळ कागदावर उतरत होता तेव्हा त्याच घरात एक बाई चार पोरं सांभाळत पाचव्याची वाट बघत होती. गोष्टीच्या मुखपृष्ठावर तिचं नाव नाही. पण ज्या भरलेल्या घराची ऊब त्या पुस्तकात आहे, ते घर तिनेही उभं केलं होतं.